मोबाईल सुरूच होत नाही? दुकान गाठण्याआधी एवढं करून बघा

मैत्रिणींनो, आता गटाचा निम्मा कारभार मोबाईलवर आलाय. बँकेचा मेसेज, ओटीपी, बैठकीचे फोटो, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी, सगळं त्यातच. मग एखाद्या सकाळी बटण दाबलं आणि स्क्रीन काळीच राहिली की पोटात गोळा येतो. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, “गेला हा, आता नवीनच घ्या.” नवीन म्हणजे आठ-दहा हजार, आणि ते पुन्हा गटाच्या कर्जातून! पण बऱ्याच वेळा फोन गेलेला नसतोच.

आधी दुसऱ्या फोनवरून त्याला रिंग द्या. वाजला, थरथरला, तर फोन चालू आहे, फक्त स्क्रीन गेलीय. स्क्रीन बदलून मिळते आणि आतलं सगळं शाबूत राहतं. तसं असेल तर पुढचे उपाय करत बसू नका.

रिंग गेलीच नाही तर चार्जिंगला लावा. इथे आपण घाई करतो. बॅटरी पार उतरली असेल तर चार्जर लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं स्क्रीनवर काहीच दिसत नाही. आपल्याला वाटतं चार्ज होत नाही, आणि आपण काढून टाकतो. निदान अर्धा तास तसाच राहू द्या, मधे मधे बटण दाबू नका. त्या सॉकेटला वीज आहे का, तेही बघा. तरीही हालचाल नसेल तर शेजारणीची वायर आणि चार्जर लावून बघा. पिनेजवळ वायर आतून तुटणं हे नेहमीचंच, आणि वायर बदलणं सगळ्यात स्वस्त.

चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारून बघा. आपला फोन पिशवीत, पदरात, पिठाच्या डब्याशेजारी असतो. कापडाचा भुसा आत दाबून बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई किंवा सेफ्टीपिन अजिबात नको, आतले बारीक पत्रे वाकतात. तोंडाने फुंकूही नका, थुंकीची ओल आत जाते.

आता बटणाचा उपाय. कधी कधी फोन आतल्या आत अडकतो, म्हणजे बंदही नसतो आणि चालूही नसतो. पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. नाहीच झालं तर बऱ्याच फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण, दोन्ही एकत्र दहा ते वीस सेकंद धरावी लागतात. कंपनीचं नाव दिसलं की सोडा. याने फोटो, नंबर काही पुसलं जात नाही. मात्र कधी काळ्या स्क्रीनवर इंग्रजी यादी येते. तिथे ‘रीबूट’ एवढंच निवडायचं. ‘वाइप डेटा’ किंवा ‘फॅक्टरी रीसेट’ला हात लावलात तर फोनमधलं सगळं जातं. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या पोरीला बोलवा, पण अंदाजाने दाबू नका.

दोन वेळा मात्र यातलं काहीच करायचं नाही. फोनची पाठ फुगलेली, उचकटलेली दिसली तर बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. ती पेट घेऊ शकते. फोन थेट दुकानात न्या. दुसरं, फोन पाण्यात पडला असेल तर चार्जर लावायचाच नाही. सिम काढा, पुसा, पंख्याखाली एक-दोन दिवस राहू द्या. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका. तांदळाच्या डब्यात पुरायचा उपाय गावोगावी सांगतात. त्याचा फारसा उपयोग नाही, उलट पीठ आणि कणी भोकात जाते.

एवढं करूनही नाही झालं तर दुकान. देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. हे विसरू नका, कारण गटाच्या खात्याचा ओटीपी त्या सिमवर येतो. सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की बँकेचं काम थांबत नाही. दुकानदार ओळखीचा असला तरी यूपीआयचा पिन सांगायचा नाही, दुरुस्तीला तो लागतच नाही. खर्च किती ते आधी विचारा. “रीसेट मारावा लागेल” म्हणाले तर “फोटो आणि नंबर वाचतील का?” हे विचारून मगच हो म्हणा. पुढे खात्यातून न ओळखता पैसे गेले तर लगेच बँकेला कळवा आणि 1930 या नंबरवर तक्रार करा.

आणखी एक अडचण रीसेटनंतर येते. फोन सुरू होतो, पण जुनं गुगल खातं मागतो, आणि ते मिळाल्याशिवाय पुढे जात नाही. आपल्यातल्या कित्येकींचं खातं मुलाने नाहीतर दुकानदाराने उघडून दिलेलं असतं, ईमेल काय ते आपल्याला ठाऊकच नसतं. फोन चांगला चालतोय तोवरच आज सेटिंगमध्ये ‘गुगल’ उघडून आपला ईमेल बघा, पासवर्ड माहीत नसेल तर नवीन करून घ्या, आणि दोन्ही वहीत लिहून ती वही घरात पेटीत ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको.