दहावीनंतर पुढे काय? दिव्यांग मुलांच्या तयारीविषयी पाठ

घरात अंध, कर्णबधिर, पायाने अधू किंवा सावकाश शिकणारे मूल असले म्हणजे घरची मंडळी त्याच्यावर फार दया करतात. त्याला कोणी काम सांगत नाही, कोणी रागे भरत नाही. ताट पुढ्यात येते, पाण्याचा तांब्या हातात येतो. ते शाळेत जाऊन एकेक इयत्ता वर चढू लागले की सर्वांस आनंद वाटतो. परंतु दहावीचा निकाल लागला म्हणजे पुढे काय, हा प्रश्न उभा राहतो, व पुष्कळ घरी त्याचे उत्तर कोणापाशीच नसते. बरोबरीची मुले तालुक्याच्या गावी शिकावयास जातात आणि हे मूल ओसरीवर बसून राहते. अशा घरी दयेची उणीव नसते. उणीव असते ती तयारीची. ही तयारी केव्हा, कोणी व कशी करावी, ह्याचा आपण ह्या पाठात विचार करू.

१. तयारी आठवीतच का आरंभावी?

शाळा व महाविद्यालय ह्यांत एक मोठा भेद आहे, तो आईबापांनी प्रथम ध्यानात घ्यावा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ह्यात २१ आहेत. ज्याचे दिव्यांगत्व शेकडा ४० किंवा अधिक ठरले आहे, त्या मुलास वयाच्या ६ वर्षांपासून १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, अथवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे.

त्यापुढे मात्र रीत पालटते. सरकारी व सरकारी मदत घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांनी अशा विद्यार्थ्यांसाठी निदान शेकडा ५ जागा राखून ठेवाव्या व प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सवलत द्यावी, असे कायदा सांगतो. पण ती जागा कोणी घरी आणून देत नाही. तिच्यासाठी अर्ज आपणच करावा लागतो. गावच्या शाळेतले गुरुजी मुलास नावाने ओळखतात व न सांगता पहिल्या बाकावर बसवतात. महाविद्यालयात शेकडो मुले असतात. तेथे आपली अडचण आपणच सांगावी लागते. जो आठवीत स्वतःविषयी दोन वाक्ये बोलावयास शिकला नाही, तो अकरावीत एकाएकी कसा बोलेल?

२. कागदपत्रे

पहिले काम दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे व वैश्विक ओळखपत्राचे, ज्यास पुष्कळ लोक युडीआयडी कार्ड म्हणतात. त्यासाठी ‘स्वावलंबन’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो व नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. ह्या कामी हेलपाटे पडतात, म्हणून ते दहावीच्या वर्षावर टाकू नये. शाळेचा दाखला, आधार कार्ड व हे ओळखपत्र ह्या तिहींत नाव व जन्मतारीख एकच असावी. एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडतो.

ह्याच प्रमाणपत्रावर पुढच्या पुष्कळ गोष्टी अवलंबून आहेत. केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती नववी व दहावीच्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आहे, व दुसरी अकरावीपासून पुढे. दोहोंचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर भरतात. नववीत अर्ज करावयाचा तर प्रमाणपत्र आठवीतच हाती असले पाहिजे, हे उघड आहे.

३. परीक्षा

ज्यास स्वतः लिहिता येत नाही त्यास लेखनिक मिळू शकतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासास निदान २० मिनिटे अधिक वेळ द्यावयाचा असतो. म्हणजे तीन तासांच्या परीक्षेस एक तास अधिक मिळतो. ह्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत परीक्षा मंडळाकडे वेळीच अर्ज जावा.

पण लेखनिक मिळाला म्हणजे काम झाले असे नाही. उत्तर तोंडाने सांगून लिहवून घेणे ही वेगळी विद्या आहे. वाक्य सावकाश व पुरे सांगावे लागते, परिच्छेद कोठे पाडावा ते सांगावे लागते, गणितात प्रत्येक पायरी मनात धरावी लागते. म्हणून नववीपासून आठवड्यातून एकदा तरी खालच्या इयत्तेतील एखाद्या मुलास जवळ बसवून, घड्याळ लावून सराव करावा. जो पहिल्यांदाच परीक्षेच्या दिवशी लेखनिकाजवळ बसतो, त्याचा अधिक मिळालेला वेळही गोंधळात जातो.

ह्यासंबंधी एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. विकास कुमार नावाच्या उमेदवाराच्या हातास लिहिताना पेटके येत. त्याचे दिव्यांगत्व शेकडा ४० भरत नाही म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्यास लेखनिक नाकारला. तो न्यायालयात गेला, व २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, लेखनिकाची सोय केवळ शेकडा ४० वाल्यांपुरती नाही. ज्यास खरोखर गरज आहे त्यास ती मिळाली पाहिजे. तात्पर्य, कचेरीतील पहिले ‘नाही’ हे नेहमी शेवटचे असतेच असे नाही. नियम काय आहे ते नम्रपणे विचारावे व उत्तर लेखी मागावे.

४. धंद्याची निवड

‘अंधाला काय करता येईल?’ असे लोक विचारतात. हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारावे ते असे: ह्या मुलास कशाची आवड आहे? त्या कामास कोणकोणत्या गोष्टी लागतात? त्यांतली जी त्यास जमत नाही ती कोणत्या साधनाने होईल? ऐकू न येणाऱ्या मुलीचे हात व डोळे तर उत्तम आहेत. शिवणकाम, चित्रकला किंवा यंत्रावरील काम ती नीट शिकू शकेल, मात्र शिकविणाऱ्याने तोंडी न सांगता करून दाखवावे. पायाने अधू मुलास संगणकावर हिशेब ठेवण्यास पायांची गरज नाही; त्यास गरज आहे ती जिना नसलेल्या खोलीची.

अंधांसाठी तर साधने पुष्कळ झाली आहेत. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन ह्या अंध तरुणाने २००६ साली एनव्हीडीए नावाची आज्ञावली लिहावयास घेतली. ती संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून ऐकविते, मराठीही वाचते, आणि फुकट मिळते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास एकच काम लहान लहान पायऱ्यांनी शिकवावे: रोपे पिशवीत लावणे, अंडी मोजून ठेवणे, मालाची पाकिटे भरणे. एक पायरी पक्की झाल्यावर दुसरी घ्यावी.

सुटीत मुलास गावच्या किराणा दुकानात, दूध संकलन केंद्रात किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीत काही दिवस काम पाहू व करू द्यावे. आवड व ताकद दोन्ही तेथे कळतात. सरकारी नोकऱ्यांत शेकडा ४ जागा राखीव आहेत, हे खरे. परंतु तेवढ्याच आशेवर हात जोडून बसणे शहाणपणाचे नव्हे. महाविद्यालय निवडण्यापूर्वी मुलास घेऊन तेथे एकदा जाऊन यावे. पायऱ्या किती, शौचालय कसे, एसटीचा थांबा किती दूर, वसतिगृहात खालच्या मजल्यावर खोली मिळेल की नाही, हे जून महिन्यात नव्हे, आधीच्या हिवाळ्यात पाहावे.

५. घरचे शिक्षण

लुई ब्राय हा १८०९ साली फ्रान्समधील एका खेड्यात जन्मला. त्याचा बाप घोड्यांचा साज तयार करणारा कारागीर होता. तीन वर्षांचा असता बापाच्या कारखान्यात खेळताना आरी लागून त्याचा डोळा गेला, व पुढे दुसराही गेला. पण आईबापांनी त्यास कोपऱ्यात बसविले नाही. बापाने त्यास काठी करून दिली, व ती टेकीत तो गावात फिरू लागला. गावच्या धर्मगुरूने त्यास शिकविले, व शाळामास्तराने त्यास डोळस मुलांबरोबर वर्गात घेतले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला, आणि १८२९ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, उठावाच्या ठिपक्यांची आपली लिपी त्याने छापून प्रसिद्ध केली. ती लिपी त्याची खरी. परंतु पॅरिसला जाण्याची त्याची तयारी त्या खेड्यातच झाली होती.

आपल्या घरीही हे करता येईल. मुलास पैसे मोजावयास, एकट्याने एसटीने जावयास, आपले कपडे धुवावयास, चहा व भात करावयास, आपले औषध वेळेवर घ्यावयास शिकवावे. एखादे वेळी भात करपेल, एखादा कप फुटेल, फुटू द्यावा. आणि चार वाक्ये त्याच्याकडून पुनःपुन्हा म्हणवून घ्यावी: माझे नाव काय, माझी अडचण काय, मला काय चांगले येते, व मला कोणती मदत हवी. जसे, “सर, मला फळ्यावरचे दिसत नाही. ऐकलेले माझ्या चांगले लक्षात राहते. आपण लिहिताना मोठ्याने वाचाल का?” पाहुणे मुलाविषयी आईस विचारू लागले, तर आईने म्हणावे, “त्यालाच विचारा.”

६. गावच्या मंडळींचे कर्तव्य

शिक्षकाने किंवा उपदेशकाने आठवी ते बारावीत असलेल्या अशा मुलांची यादी करावी. ज्यास अर्ज भरता येतो त्याने अर्ज भरून द्यावा. ज्यास वेळ आहे त्याने रुग्णालयात सोबत जावे. ज्याचे वाचन स्पष्ट आहे त्याने धडे वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून द्यावे. ह्यास पैसा फारसा लागत नाही. लागते ते वेळीच उठणे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या गावात आठवी ते बारावीत असे किती विद्यार्थी आहेत? त्यांतील कोणापाशी प्रमाणपत्र नाही?
२. शाळेतील मदत व महाविद्यालयातील मदत ह्यांत भेद कोणता?
३. घरी अशा मुलासाठी आपण जी कामे करतो, त्यांतील कोणती ते स्वतः करू शकेल?
४. ह्या महिन्यात आपल्यापैकी कोण कोणाबरोबर रुग्णालयात किंवा महाविद्यालयात जाईल? नावे लिहून ठेवा.