घरचे पेट्रोल, घरचा हिशेब



किराणा, दूध, वीज यांचा हिशेब आपल्याकडे पुष्कळ घरी वहीत लिहिला जातो. पेट्रोलचा मात्र क्वचितच. पाचशेचे भरले, संपले, पुन्हा भरले! पेट्रोलच्या किमतीवरील सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये उठले आणि १६ जून २०१७ पासून देशभर रोजच्या रोज भाव ठरविण्याची पद्धत आली. भाव आपल्या हाती नाही. किती लिटर जाळायचे, हे बरेचसे आपल्या हाती आहे. त्यासाठी शाळेतला गुणाकार-भागाकार पुरे.

१. आधी मोजा. टाकी पूर्ण भरा आणि मीटरवरचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरा. मधल्या काळात गाडी ३०० कि.मी. चालली आणि या वेळी २५ लिटर पेट्रोल मावले, तर ॲव्हरेज ३०० ÷ २५ = १२. कंपनीने सांगितलेला आकडा ठरावीक चाचणीतला असतो. शहरातल्या गर्दीत तो सहसा मिळत नाही. आपल्या गाडीचा खरा आकडा आपल्या वहीतच सापडेल.

२. शाळेची फेरी. समजा घर शाळेपासून ४ कि.मी. आहे. सोडायला जाणे-येणे आणि आणायला जाणे-येणे मिळून रोजचे १६ कि.मी. होतात. महिन्याचे २४ दिवस धरले तर ३८४ कि.मी. ॲव्हरेज १२ असल्यास ३२ लिटर. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला १०० रुपये धरू; म्हणजे ३२०० रुपये. शेजारच्या तीन घरांनी पाळी लावली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ८ दिवस येतात आणि खर्च सुमारे १०६७ रुपये. दहा महिन्यांत एका घराची बचत २१ हजारांहून अधिक.

३. फाटकासमोरची दहा मिनिटे. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले, तर लहान पेट्रोल कारला तासाला साधारण अर्धा ते एक लिटर लागते, ए.सी. चालू असल्यास आणखी. रोज दहा मिनिटे म्हणजे २४ दिवसांत ४ तास, अर्थात २ ते ४ लिटर. आणि तो धूर आपलीच मुले श्वासात घेतात. सुटीच्या वेळी फाटकासमोर इंजिन बंद ठेवावे, ही आमची आग्रहाची विनंती.

४. गाडीची निगा. टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासावी. किती हवा हवी, ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. वरचा रिकामा कॅरिअर काढून ठेवावा. एकदम वेग घेणे आणि एकदम ब्रेक दाबणे टाळावे. ब्रेकमध्ये जाते ती पेट्रोलने मिळविलेली गतीच असते.

५. दोन गैरसमज. सकाळी गारव्यात भरलेले पेट्रोल जास्त मिळते, असे पुष्कळ जण मानतात. पंपाची टाकी जमिनीखाली असते. तिथले तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही, त्यामुळे फायदा नगण्य. दुसरा समज जास्त घातक आहे. सुटीत धुळे-नाशिककडे जाताना बिजासन घाटात काही जण गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोल जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते जळतच राहते. शिवाय इंजिनाचा आवर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो.

आता आकडे शेजारी ठेवून पाहा. ॲव्हरेज १२ वरून १५ वर नेणे सोपे नाही; तरी ते जमले, तर शाळेच्या फेरीत महिन्याला ६.४ लिटर वाचतात. पाळी लावल्याने २१ लिटरांहून जास्त वाचतात. म्हणजे मोठी बचत फेऱ्या कमी करण्यात आहे.

यात विश्वस्त मंडळ आणि पालक, दोघांनी लक्षात घ्यावे असे आणखी एक आहे. शाळेची बस भरलेली धावो की अर्धी रिकामी, तिचा खर्च जवळपास तेवढाच येतो. मुले कमी झाली की तोच खर्च उरलेल्यांवर वाटला जातो. ज्यांच्या घरी गाडी नाही, त्यांच्या मुलांसाठी ती बस म्हणजेच शाळेचा रस्ता आहे. म्हणून बसची फी जास्त वाटली, तर ती आपल्या ३२०० रुपयांशी ताडून पाहावी आणि मग निर्णय घ्यावा.

गृहपाठ (इयत्ता ७ ते १०) : घरच्या एका वाहनाची महिनाभराची नोंद ठेवा : तारीख, मीटर, लिटर, रुपये. शाळेच्या फेऱ्या वेगळ्या लिहा. कमी करता येईल अशी एक फेरी आई-वडिलांबरोबर बसून शोधा. ज्यांच्या घरी वाहन नाही, त्यांनी वरील उदाहरण घर ६ कि.मी. अंतरावर आहे असे धरून सोडवावे. वह्या आम्ही स्वतः तपासू.