अर्जात पुस्तकांची यादी नको

परदेशात अर्थशास्त्राच्या प्रवेशासाठी निवेदन लिहिताना आमच्या धाकट्याने दहा पुस्तकांची नावे कोंबली. गिऱ्हाईकाला नुसते तागे मोजून दाखवावेत, तसे ते! गिऱ्हाईक पोत पाहते.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथून आम्ही डॉ. आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आणला. १९२३ चा हा ग्रंथ म्हणजे त्यांचा लंडनच्या डी.एस्सी.चा प्रबंध. केन्स यांनी १९१३ मध्ये सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती; बाबासाहेबांनी ती खोडून काढली. रुपया घसरला की निर्यातदाराला नफा होतो खरा, पण तो महागाईच्या मागे राहिलेल्या मजुरीतून निघतो, हे त्यांचे म्हणणे आम्हा कापडवाल्यांना बोचणारेच. मुलाने एवढे एकच पुस्तक ठेवले, दुकानाच्या वहीतले सुताचे भाव त्याशी ताडून पाहिले आणि कुठे पटले नाही तेही लिहिले.