ध्वनीने घेतलेला मेंदूचा वेध

वयस्कर माणसाचा हात थरथरू लागला की ‘आता वय झाले’ असे म्हणून घरातील मंडळी स्वस्थ बसतात. परंतु प्रत्येक थरथर वार्धक्याची नसते. तशीच ती कंपवाताचीही नसते. निदान चुकले तर रुग्ण नको ती औषधे घेत राहतो. हा फरक ओळखण्यास ध्वनी कसा साहाय्य करतो, ते या पाठात पाहू.

लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. पुढे तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. मराठीत त्यास कंपवात म्हणतात. मध्यमेंदूत ‘सबस्टँशिया नायग्रा’, म्हणजे ‘काळे द्रव्य’, नावाचा लहानसा भाग असतो. तेथील पेशी डोपामाइन हे रसायन तयार करतात. त्या नष्ट होऊ लागल्या की हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात आणि अनेकांचा हात स्वस्थ असतानाही कापतो.

सेकंदाला २०,००० पेक्षा अधिक कंपने असलेला ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही. त्यास श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. गर्भाची वाढ पाहण्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत तोच वापरतात. कवटीचे जाड हाड हा ध्वनी अडवते. मात्र कानशिलाजवळ ते पातळ असते. तेथून ध्वनी आत शिरतो आणि परतलेल्या प्रतिध्वनींतून पडद्यावर चित्र उमटते. बहुतेक कंपवातग्रस्तांमध्ये काळ्या द्रव्याच्या जागी नेहमीपेक्षा मोठा उजळ ठिपका दिसतो. जर्मनीतील गेओर्ग बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. तेथील वाढलेल्या लोहाशी या उजळपणाचा संबंध जोडला जातो.

या तपासणीत क्ष-किरण नसतात, सुई टोचावी लागत नाही आणि खर्चही तुलनेने कमी येतो. तरीही तिला मर्यादा आहेत. काही निरोगी व्यक्तींतही असा ठिपका आढळतो. काहींचे कानशिलाचे हाड ध्वनी आत जाऊ देत नाही. शिवाय आजार वाढला म्हणून ठिपका वाढत नाही. त्यामुळे आजाराची तीव्रता त्यावरून मोजता येत नाही.

म्हणून केवळ चित्रावरून निदान करीत नाहीत. रुग्णाची चाल, हालचाल व पूर्वेतिहास तपासूनच डॉक्टर निर्णय घेतात. चित्र त्या निर्णयाला आधार देते. थरथर दिसताच स्वतः निष्कर्ष न काढता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवणे, हाच शहाणपणा होय.

पाठगत प्रश्न
१. तपासणीसाठी कानशिलाची जागा का निवडतात?
२. उजळ ठिपका दिसला म्हणजे कंपवात झालाच, असे का म्हणता येत नाही?