घराची विक्री : स्वतः की मध्यस्थामार्फत?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. घर विकून पाहण्याचा उल्लेख तीत नाही. राहते घर विकणे हा पूर्वी बहुधा नाइलाजाचा आणि काहीसा लाजिरवाणा प्रसंग मानला जात असे. आता स्थिती बदलली आहे. शिक्षकाची बदली होते, निवृत्तीनंतर मुलांच्या गावी जाऊन राहावे लागते, भावंडांत वाटणी होते, गावठाणातील वडिलोपार्जित घर वर्षानुवर्षे कुलूपबंद पडून राहते. मग घर विकण्याचे ठरते आणि लगेच प्रश्न उभा राहतो : गिऱ्हाईक आपणच शोधावे, की इस्टेट एजंटाकडे काम सोपवावे? मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीचा मोठा भाग या एका व्यवहारात गुंतलेला असतो आणि असा व्यवहार बहुतेकांच्या वाट्याला एकदाच येतो. चुकांतून शिकण्याची सवलत येथे नसते.

प्रथम पैशांचा हिशेब पाहू. जुन्या घराच्या विक्रीवरील दलालीचा दर कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेला नाही. शहरांतून एक ते दोन टक्के घेण्याचा प्रघात आहे आणि पुष्कळदा ती विकणारा व घेणारा या दोघांकडूनही घेतली जाते. 40 लाख रुपयांच्या घरावर दोन टक्के म्हणजे 80,000 रुपये होतात. ही रक्कम वाचविण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु बाजारभावाचा अंदाज चुकल्यामुळे तेच घर पाच टक्के कमी किमतीस गेले, तर नुकसान 2 लाखांचे होते. म्हणून स्वतः घर विकू इच्छिणाऱ्याने दलाली वाचली असे समजण्यापूर्वी भावाची माहिती मिळविण्याचे दलालाचे काम आपण केले आहे काय, हे स्वतःलाच विचारावे.

ही माहिती मिळविणे आज पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, ज्यांना सर्वजण रेडी रेकनर म्हणतात, ते मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतात. त्यांतील दर हाच बाजारभाव, असे धरून चालू नये. प्रत्यक्ष भावाचा अधिक भरवशाचा पुरावा म्हणजे शेजारपाजारच्या घरांची अलीकडे नोंदविली गेलेली खरेदीखते होत. त्यांचा गोषवारा सूची क्रमांक 2 मध्ये मिळतो आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्याचा शोध घेता येतो. एकेकाळी जी माहिती दलालाच्या खिशातील वहीत असे, तिचा बराचसा भाग असा सर्वांना खुला झाला आहे. दोन-तीन संध्याकाळ खर्ची घातल्या तर परिसरातील भावाचे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते.

भावाइतकीच दुसरी अडचण भिडेची असते. खाजगी विक्रीत गिऱ्हाईक बहुधा ओळखीचे निघते : शेजारी, सहकारी शिक्षक, नाहीतर दूरचा आप्त. गावठाणात तर लागून भिंत असलेला शेजारी हाच पुष्कळदा सर्वांत चांगला गिऱ्हाईक ठरतो, कारण त्या जागेची किंमत त्याच्याइतकी दुसऱ्या कोणालाच नसते. पण ओळखीच्या माणसाशी घासाघीस करणे जड जाते. विसार घेतला जातो, पण विसारपावती होत नाही. ‘पुढच्या महिन्यात देतो’ हे चार वेळा ऐकून घ्यावे लागते. कधीकधी तर पूर्ण रक्कम येण्याआधीच किल्ली दिली जाते. मध्यस्थाचा खरा उपयोग येथे असतो. दोन्ही पक्षांना जे तोंडावर बोलता येत नाही ते तो बोलू शकतो. घरमालक वृद्ध असेल, परगावी किंवा परदेशी राहत असेल, किंवा अनोळखी माणसांना दहा वेळा घर दाखविणे त्याला शक्य नसेल, तर दलाली हा वायफळ खर्च मानता येणार नाही.

मात्र मध्यस्थ गिऱ्हाईक आणतो, मालकी हक्क निर्वेध करून देत नाही. सौदे फिसकटतात ते बहुधा याच ठिकाणी. ग्रामीण भागात ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असा समज सार्वत्रिक आहे. तो उतारा घरपट्टीच्या आकारणीसाठी असतो, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. पंचायत सदस्यांनी ही गोष्ट ग्रामस्थांना समजावून सांगणे अगत्याचे आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनद्वारे मोजमाप करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. ती पत्रिका तयार झाली असल्यास विक्रीपूर्वी तीवरील क्षेत्र व नावे तपासून घ्यावीत.

वडिलोपार्जित घराच्या बाबतीत बहिणींचा प्रश्न टाळून चालत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी तो हक्क राहतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. बहिणीने तोंडी ‘मला काही नको’ म्हटले, एवढ्यावर भागत नाही. तिने एकतर खरेदीखतावर सही केली पाहिजे, किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले पाहिजे. तिची इच्छा नसेल, तर तिचा हिस्सा तिला देणे हाच मार्ग आहे. मिळकत शासनाने दिलेल्या भोगवटादार वर्ग 2 च्या जमिनीवर असेल, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगीही पाहावी लागते. या गोष्टी गिऱ्हाईक येण्यापूर्वी उरकलेल्या असाव्यात. विसार घेतल्यानंतर त्या उकरून निघाल्या की विकणाऱ्याची बाजू लंगडी पडते आणि भाव पाडून मागितला जातो.

मध्यस्थ नेमावयाचा झाल्यास

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 अन्वये इस्टेट एजंटांना नोंदणी सक्तीची झाली. महाराष्ट्रात हे काम महारेरा पाहते. त्यामुळे आता सर्वच दलालांवर नियंत्रण आले, असे अनेकांना वाटते. वस्तुतः ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांत प्रवर्तकाकडून विकल्या जाणाऱ्या सदनिका व भूखंडांच्या मध्यस्थीपुरती आहे. एका मालकाने दुसऱ्याला विकलेले जुने घर तिच्या कक्षेत येत नाही. एजंटाची महारेरा नोंदणी असणे चांगलेच. परंतु जुन्या घराच्या व्यवहारात आपले रक्षण प्रामुख्याने आपल्या लेखी करारानेच व्हावयाचे आहे.

त्या कराराला आधार आहे तो 1872 च्या भारतीय करार अधिनियमाचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्यातील अभिकर्त्याविषयीचे प्रकरण आजही वाचण्याजोगे आहे, आणि गंमत अशी की त्यातील काही दाखले नेमके घराच्या दलालीचेच आहेत. मालकाने मिळकत विकण्यास सांगितलेला अभिकर्ता दुसऱ्याच्या नावाने ती स्वतःच विकत घेतो. त्याने महत्त्वाची बाब अप्रामाणिकपणे दडवली, किंवा व्यवहार मालकाच्या तोट्याचा झाला, असे दाखविता आल्यास मालक ती विक्री नाकारू शकतो. मालकाच्या नकळत अभिकर्त्याने स्वतःच्या हितासाठी व्यवहार केला असेल, तर त्यातून झालेला लाभ मालकाला मागता येतो. ‘तुम्हाला हातात इतके मिळतील, वरचे आमचे’ या पद्धतीचा सौदा आपल्याकडे सर्रास चालतो. त्यात मालक या संरक्षणावर आपण होऊन पाणी सोडतो, कारण वरची रक्कम किती हे विचारण्याचा हक्कच तो सोडून देतो. अशा सौद्याला मान्यता देऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

त्याच कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर सोपविलेले काम पूर्ण होईपर्यंत मोबदला देय होत नाही. काम पूर्ण केव्हा झाले यावरच भांडणे होतात. विसार मिळाला तेव्हा, की खरेदीखत नोंदले गेले तेव्हा? आणि एजंटाने दाखविलेल्या गिऱ्हाईकाशी मालकाने सहा महिन्यांनी थेट व्यवहार केला तर? या दोन प्रश्नांची उत्तरे, दलालीचा दर, ती गिऱ्हाईकाकडूनही घेतली जाणार आहे काय, आणि नेमणुकीची मुदत, एवढे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. तीन महिन्यांची मुदत पुरेशी असते. मोबदला धनादेशाने द्यावा व पावती घ्यावी. भांडवली नफ्याच्या हिशेबात हा खर्च विक्रीच्या रकमेतून वजा धरता येतो.

विक्रीचे कुलमुखत्यारपत्र मात्र दलालाच्या नावे कदापि करून देऊ नये. मालक परगावी असल्यास ते विश्वासू नातेवाइकाच्या नावे करावे. केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. साठेखतानेही ती होत नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते दुय्यम निबंधकाकडे दाखल करावे लागते.

पैसे स्वीकारण्याविषयी एक सावधगिरी. 1 जून 2015 पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे. तिचा भंग झाल्यास स्वीकारणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. विसाराची रक्कमही यात येते. किंमत 50 लाख वा अधिक असेल तर घेणारा एक टक्का आयकर कापून भरतो. त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. मूळ कागदपत्रे खरेदीखताच्या दिवशीच द्यावीत आणि त्यांच्या यादीवर घेणाऱ्याची सही घ्यावी. त्यानंतर घरपट्टी व वीजबिलावरील नाव बदलण्याचे अर्ज दोघांनी मिळून त्याच आठवड्यात द्यावेत. नाहीतर थकबाकीची नोटीस वर्षभराने जुन्याच मालकाच्या नव्या पत्त्यावर येते.