जुन्या मोटारींचे कार्बुरेटर कसे ओळखावेत

काशीच्या ब्रह्मा घाटापासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध दक्षिणेस गेले म्हणजे पलतीरावर रामनगरचा किल्ला लागतो. तेथील संग्रहालयात पालख्या व शस्त्रे यांच्याबरोबर जुन्या अमेरिकन मोटारीही ठेविलेल्या आहेत. अशी मोटार पाहताना दृष्टी तिचे दिवे, चाके व बैठकी यांवर खिळते. परंतु तिच्या काळाचा एक महत्त्वाचा पुरावा इंजिनाच्या बाजूस झाकलेला असतो. तो म्हणजे कार्बुरेटर होय.

हवेत मिसळल्यावाचून पेट्रोल इंजिनात नीट जळत नाही. वजनाने सुमारे १५ भाग हवा व १ भाग पेट्रोल असे मिश्रण लागते, आणि ते तयार करणे हे कार्बुरेटरचे कार्य. कार्ल बेंझ याच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत हवा पेट्रोलाच्या पृष्ठभागावरून नेली जाई व ती वाफ घेऊन पुढे जाई. असा कार्बुरेटर लहानशा टाकीसारखा दिसतो. आज तो अत्यंत दुर्मिळ आहे.

१८९३ साली जर्मनीत व्हिल्हेल्म मायबाख याने, आणि त्याच वर्षी हंगेरीत बांकी व चोंका यांनी, बारीक तोटीतून पेट्रोलाचा फवारा उडविण्याची युक्ती काढली. अरुंद नळीत हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. त्यामुळे पेट्रोल तोटीतून ओढले जाते. या तोटीस ‘जेट’ म्हणतात. शेजारच्या कोठीत पितळेचा पोकळ किंवा बुचाचा ‘फ्लोट’ तरंगत राहून पेट्रोलाची पातळी राखतो.

या साध्या रचनेत एक दोष होता. हवेचा वेग वाढला की पेट्रोल प्रमाणाबाहेर येई. हा दोष कारखान्यांनी निरनिराळ्या रीतींनी दूर केला, आणि तोच फरक आज ओळखीची किल्ली ठरतो.

(१) स्प्रिंगने दाबून धरलेली जादा हवेची झडप दिसली, तर आर्थर क्रेब्स याने १९०२ साली पुढे आणलेल्या पद्धतीची ती रचना समजावी. आरंभीच्या काही किंग्स्टन कार्बुरेटरांत झडपेच्या जागी गोळ्या आढळतात.

(२) दोन जेट असून दुसऱ्याला हवेस उघड्या असलेल्या लहान विहिरीतून पेट्रोल मिळत असेल, तर ती झेनिथची पद्धत होय.

(३) वर घंटेसारखी कोठी, आत वरखाली होणारा दट्ट्या व त्यास जोडलेली निमुळती सुई असेल, तर तो बहुधा एसयू कंपनीचा असतो. तिच्या आरंभीच्या नमुन्यांत दट्ट्याऐवजी चामड्याचा भाता असे.

यानंतरच नाव व अंक वाचावेत. त्यांतही दोन चुका टाळाव्या लागतात. ओतीव अक्षरांतील पेटंटची तारीख ही निर्मितीची तारीख नव्हे. वस्तू त्यापूर्वीची नाही, एवढेच बहुधा तीवरून कळते. तसेच कार्बुरेटरवरील नावावरून गाडी ठरत नाही. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्ड टी गाडीस होली व किंग्स्टन या दोन्ही नावांचे कार्बुरेटर बसविलेले आढळतात. म्हणून हवेच्या नळीचा व्यास व इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीवरील छिद्रांतील अंतर मोजून इंजिनाशी ताडून पाहावे.

पितळेला भंगारात चांगली किंमत येते, म्हणून असे नमुने सहज वितळविले जातात. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणविषयक नियम लागू झाल्यावर नव्या दुचाकींतूनही कार्बुरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्यामुळे तो हाताळलेले कारागीरही उत्तरोत्तर कमी होतील. जुना नमुना हाती आला तर प्रथम जाणत्या कारागिराकडून उरलेले पेट्रोल उघड्या जागी, विस्तवापासून दूर काढून घ्यावे. कानशीने किंवा वाळूकागदाने घासू नये. त्याने पुसट अक्षरे कायमची जातात. जस्तमिश्रित जुने ओतकाम ठिसूळ झालेले असते, म्हणून पेच बळाने फिरवू नयेत. सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहावीत आणि तो कोणत्या गाडीवर सापडला याची चिठ्ठी त्यास बांधावी. ही नोंद नसल्यास पुढच्या अभ्यासकास केवळ पितळेचा तुकडा मिळतो.