सुजनी : टाक्यांचे आणि कल्पकतेचे मोल

जुन्या साड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने शिवून नवजात बालकासाठी केलेली गोधडी म्हणजे बिहारची सुजनी. १९८० च्या दशकाअखेर मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावात या कलेचे पुनरुज्जीवन झाले. तेथील स्त्रियांनी हुंडा, मुलींचे शिक्षण असे स्वानुभवाचे विषय कापडावर चितारले. सुजनीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. मात्र १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याने संरक्षण मिळते ते प्रदेशाशी निगडित नावास. एखादीने कल्पिलेल्या नव्या नक्षीस नव्हे. अशा नक्षीची नोंदणी डिझाईन कायदा, २००० अन्वये, ती प्रसिद्ध होण्यापूर्वी करता येते. संरक्षण प्रथम १० वर्षांचे असून पुढे ५ वर्षे वाढविता येते. अन्यथा कल्पना तिची असूनही मोबदला बहुधा टाक्यांपुरताच उरतो. दोन्ही कायद्यांतील हा भेद विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावा.